एक काना

जेल रोडला, तळघरातल्या माझ्या दुकानात
त्यांनी तो सीपीयू आणला
चादरीत, वर गाठ मारून, धुण्यासारखा.

"टेबल से गिर गया," बाई म्हणाल्या.
मग माझ्यामागचं मराठी कॅलेंडर दिसलं
तशा मराठीत पुन्हा,
"पडला हो ताई, आपोआप. चालूच होत नाही."
मुलगा पायरीवरच थांबलेला, सतराएक वर्षांचा,
उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी.
मी पावती फाडली:
खांबेटे, स्नेहलतागंज. तक्रार: पडला.

टेबल अडीच फुटांचं असतं.
तिथून पडलेला डबा एका कोपऱ्यात चेपतो.
हा पाठीवर चेपला होता, सपाट,
भिंतच पुढे आल्यासारखा.
मी विचारलं नाही.
पत्र्याला विचारावं लागत नाही.

आधी वीज. नेहमी आधी वीज.
सप्लाय सोडवून हिरवी तार काळीला जोडली
वाकवलेल्या पेपरक्लिपनं. पंखा फिरला.
म्हणजे बाहेरून येतंय ते ठीक येतंय.
मग रॅम काढून तिची सोनेरी दातरी
शाळकरी खोडरबरानं घासली, फुंकली,
दोन्हीकडून टक् होईपर्यंत बसवली.
बटण दाबलं.
पंखा अर्धा फेरा फिरला, थांबला.
पुन्हा दाबलं. अर्धा फेरा.
कुणी बोलायला तोंड उघडावं
आणि घरात आणखी कुणी आहे, हे आठवावं
तसं.

"डिस्क गेली का? नाही, त्यात ह्याच्या बाबांचे..."
बाईही तिथेच थांबल्या.

वर रस्त्यावर कुणीतरी घासाघीस करत होतं,
भिया, लास्ट बोलो, लास्ट.
मी मुलाला टॉर्च धरायला लावला.
त्यानं डाव्या हातात धरला, उजेड हलत होता.
ग्राफिक कार्ड काढलं. तेच.
सगळ्या केबली काढल्या. तेच.
शेवटी अख्खा बोर्ड उचलला
आणि खाली सापडला
सुटलेला एक पितळी खुंट,
भाताएवढाही नसेल,
नको तिथे टेकलेला.

"जळला का बोर्ड?" मुलगा पहिल्यांदाच बोलला.
नाही रे. स्वतःला सांभाळतोय.
चुकीच्या जागी काही टोचत असलं
की तो चालू होत नाही.
हट्ट नसतो तो. अक्कल असते.

ह्यावर कुणी काही म्हणालं नाही.
टॉर्च स्थिर झाला, एवढं मात्र खरं.

खुंट जागेवर. बोर्ड जागेवर.
एक बारीकशी बीप,
आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.
बटणाएवढी बॅटरी निखळल्यानं घड्याळ मागे गेलेलं:
एक जानेवारी दोन हजार अकरा.
बाई ती तारीख बघत राहिल्या,
जरा जास्तच वेळ.
मुलानं कीबोर्ड ओढला आणि
आजचा दिवस, आजचं वर्ष भरलं,
पट्टीतल्या बोटांनी, एकेक आकडा.

मग त्यानं माझं पेन मागितलं.
पावती फिरवून घेतली आपल्याकडे
आणि प आणि ड च्या मधे
एक उभी रेघ ओढली.
जागा नव्हती. तरी बसवली,
प ला चिकटून, थोडी तिरपी.

कुणी, हा रकाना आमच्या पावतीत नसतो.
बाईंनी वाचलं. खोडलं नाही.
"किती झाले?" म्हणाल्या.

तीनशे.
मागचा पत्रा ठोकून सरळ करून देते,
त्याचे शंभर वेगळे.
"राहू द्या," मुलगा म्हणाला,
आणि चादरीची घडी घालून
सीपीयू उघडाच घेऊन जिना चढला.